आपटे जागा सोडत नाहीत

गेल्या दसऱ्याला एका मित्रानं मला आपटा दिला. आपट्याचं पान नव्हे, आपटा. ‘सोनं घ्या, सोन्यासारखे राहा’ असं म्हणत त्यानं माझ्या हातात श्रीखंडाचा रिकामा डबा ठेवला. डब्यात खारं पाणी, पाण्यात सुपारीएवढा सिरॅमिकचा खडा आणि खड्यावर शर्टाच्या बटणांसारखी पाच हिरवी-केशरी झोअँथिडं. झोअँथिड म्हणजे पोवळ्यांचे लांबचे चुलतभाऊ. चुन्याचं घर न बांधता उघड्यावर संसार थाटणारे. ‘‘तुझ्या टँकमध्ये शोभतील,’’ मित्र म्हणाला.

शोभली. चौथ्या दिवशी खड्याच्या बुडाशी सहावं काहीतरी उगवलं. तपकिरी, आरपार दिसणारं, बोटाच्या पेराएवढा देठ आणि देठावर ताडाच्या झाडासारख्या झिपऱ्या. मला वाटलं, वा, पाचावर एक फुकट! मी फोटो काढून मित्राला पाठवला, खाली ‘बारशाला ये’ असंही लिहिलं. बराच वेळ उत्तर नाही. मग आलं : ‘अरेरे. सॉरी. एप्टेशिया आहे.’

हे मी बायकोला मोठ्यानं वाचून दाखवलं. आई बाजूला गवार मोडत बसली होती. तिनं मान वर केली.

‘‘कोण आपटे?’’

त्या दिवसापासून आमच्या घरात या आगंतुक समुद्रफुलाला आपटेच म्हणतात. ‘आपटे आलेत.’ ‘आपट्यांनी आज हात बाहेर काढलेत.’ ‘आपटे पंपाखाली सरकलेत वाटतं.’ आईनं त्यांना कधी एकेरी संबोधलं नाही. शत्रू असला तरी आडनावाचा मान ठेवायचा, ही तिची शिस्त.

आता टँकविषयी सांगायला हवं. पुण्यात सगळं आहे, समुद्र तेवढा नाही. आणि ही उणीव समुद्राची आहे, असं पुण्यातल्या बहुतेकांचं मत आहे. मीच एक दुबळा निघालो. कोथरूडला, समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंचीवर आणि त्याच्याही वर तिसऱ्या मजल्यावर, मी चार फूट लांबीचा काचेचा समुद्र केला आहे. अडीचशे लिटर. त्यासाठी आधी नळाच्या पाण्यातलं सगळं काढून टाकायचं आणि मग त्यात सगळं परत घालायचं. लिटरला ३५ ग्रॅम मीठ, म्हणजे पहिल्या भरणीलाच पावणेनऊ किलो. घरातलं मीठ चालत नाही, कारण समुद्रात नुसतं मीठ नसतं. कॅल्शियम, मॅग्नेशियम, पोटॅशियम आणि इतर बरीच मंडळी ठरल्या प्रमाणात लागतात. हे तयार मिश्रण परदेशातून येतं. त्याची बादली घरात आली तेव्हा आईनं तिच्यावरचं लेबल चष्मा लावून पूर्ण वाचलं.

‘‘मिठासाठी गांधीजी दांडीपर्यंत चालत गेले,’’ ती म्हणाली, ‘‘आणि तू परदेशातून मागवतोस?’’

पाण्याचं तापमान २५-२६ अंशांच्या आसपास ठेवावं लागतं. एप्रिलमध्ये आम्ही पंख्याखाली ओले नॅपकिन घेऊन बसतो आणि मासे चिलरमध्ये असतात. घरातला इन्व्हर्टर पहिल्यांदा टँकचा पंप चालवतो, उरलं तर आमचा दिवा. गुरुवारी पाणी बंद असतं म्हणून बुधवारी रात्री घरातल्या बादल्या, घागरी आणि कळशा माझ्या समुद्रासाठी राखीव असतात. खडक बांधणारी खरी पोवळी मी ठेवत नाही. २००१ पासून ती वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्या पंगतीत बसली आहेत, आणि सोसायटीत कुत्रा पाळायचा तर सभा बोलवावी लागते, वाघाचं कुणी काढावं! तेव्हा माझ्याकडे आपली क्लाउनफिशची एक जोडी, एक गोबी, काही गोगलगाई, काही मऊ अंगाचे जीव. सगळे रीतसर, पैसे मोजून, पाण्याचं तापमान जुळवून, तासभर थेंब-थेंब पाणी पाजून घरात घेतलेले. त्यातले निम्मे असे लाड करूनही टिकले नाहीत. टिकले ते न बोलावलेले.

हा अनुभव आमच्या घराण्याला नवा नाही. आजोबांचा नारायण पेठेत वाडा होता. १९४७ साली देश स्वतंत्र झाला आणि त्याच वर्षी मुंबई भाडेनियंत्रण कायदा होऊन भाडेकरूही स्वतंत्र झाले, असं आजोबा म्हणत. तळमजल्यावर एक मास्तर होते. भाडं अकरा रुपये. आजोबा अंगणात आले की मास्तर दार लावून आत जात. आजोबा जिना चढून वर गेले की दार उघडे, आरामखुर्ची बाहेर येई आणि मास्तर पाय लांब करून पेपर वाचत बसत. एकदा आजोबा जिन्याच्या चौथ्या पायरीवर अर्धा तास दबा धरून बसले होते, असं आई सांगते. मास्तरांना कसं कळलं कोण जाणे, पण ते तेवढा वेळ बाहेर आलेच नाहीत. पुढे त्यांचा भाचा परीक्षेसाठी चार महिने म्हणून आला. मास्तर गेले, भाचा राहिला. भाच्यानं माळ्यावर आणखी एकाला ठेवलं. आजोबांनी ‘पोटभाडेकरू’ हा शब्द उच्चारला की आजी पाण्याचा तांब्या पुढे करायची.

मी लहानपणी या गोष्टीला हसायचो. आता रोज रात्री काचेसमोर उकिडवा बसतो. आपटे खडकावर ऐसपैस झिपऱ्या पसरून बसलेले असतात. मी हात पाण्यात घालतो. ते आत. नुसते मिटत नाहीत, खडकाच्या भोकात अख्खे नाहीसे होतात; दार लावल्यासारखे. मी हात काढून, पुसून, जरा मागे सरकतो. दोन मिनिटांत आरामखुर्ची बाहेर.

पहिल्या दिवशी मी जे केलं ते प्रत्येक नवखा करतो आणि ते कुणीही करू नये. स्वयंपाकघरातली सोलायची सुरी घेतली आणि आपट्यांना खरवडून काढलं. एकटा जीव, काय करणार? तुकडे पाण्यात उडाले, पंपाच्या प्रवाहात गरगरले, दिसेनासे झाले. मी हात धुतले. तीन आठवड्यांनी मोजले तर अकरा होते.

झालं असं की या प्राण्याला पाय असतो, म्हणजे देठाचं चपटं बूड, ज्यानं तो दगडाला चिकटतो. सरकताना त्या पायाचे बारीक तुकडे मागे राहतात आणि प्रत्येक तुकड्याला तोंड फुटतं, झिपऱ्या फुटतात, नवा आपटे तयार होतो. त्याला लग्नाची गरज नाही (तसंही प्रजोत्पादन त्याला येतं, पण घाई असताना कोण मुहूर्त पाहणार!). तुम्ही त्याला कापलंत, चिरडलंत, खरवडलंत की त्याचंच काम करता. जाता जाता भाचा ठेवायचा, हेच मास्तरांचं तंत्र. फरक इतकाच की मास्तरांनी एक भाचा ठेवला, आपट्यांनी दहा ठेवले. आडनावाप्रमाणे आपटून मारावा म्हटलं तरी सोय नाही.

आणि गप्प राहणारे असते तर मी दुर्लक्ष केलं असतं. समुद्रफुलांच्या सगळ्या कुळाकडे विषारी सूक्ष्म भाले असतात, तसे याच्याकडेही आहेत. शिवाय फार डिवचलं तर हा अंगातून पांढरे धागे बाहेर फेकतो आणि तेही डसतात. शेजारच्या झोअँथिडानं तोंड उघडलं की आपट्यांची एक झिपरी त्याच्या अंगावर पडलेली. महिन्याभरात दसऱ्याच्या पाच बटणांपैकी दोन कायमची मिटली. घरी येणारे पाहुणे मात्र खूश. ‘‘अय्या, निमो यातच राहतो ना?’’ नाही हो. जगात समुद्रफुलांच्या हजाराहून जास्त जाती आहेत आणि सगळे क्लाउनफिश मिळून त्यातल्या जेमतेम दहा जाती राहायला पसंत करतात. आपटे त्या यादीत नाहीत. आमच्या निमोनं त्यांच्याकडे ढुंकून पाहिलं नाही. तो पंपाच्या मागच्या काळ्या नळीशी संसार करतो.

घरच्यांनी आपापल्या परीनं उपाय सुचवले. आई म्हणाली, ‘‘तो दगड काढ नि कुकरला लाव. तीन शिट्ट्या.’’ तिला मी हात जोडून थांबवलं, आणि इथे विनोद बाजूला ठेवून सांगतो : असा दगड घरात कधीही उकळू नये. झोअँथिडांमध्ये पॅलिटॉक्सिन नावाचं जालीम विष असू शकतं आणि दगड उकळल्यानं वाफेवाटे ते अंगात जाऊन घरातली सगळी माणसं रुग्णालयात भरती झाल्याचे प्रकार घडलेले आहेत. आपटे राहिले घरात तर राहू देत, आपण तरी राहायला हवं. बायको म्हणाली, सगळंच विकून टाकू. मुलगा म्हणाला, त्यांची नावं ठेवू या.

मग लिंबू. लिंबाचा रस इंजेक्शनच्या सिरिंजमध्ये भरून आपट्यांच्या अंगात सोडायचा. सिरिंज आणायला कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात गेलो. ‘‘सहा द्या. बारीक सुईच्या.’’ दुकानदारानं डोळ्यांत पाहिलं. ‘‘कुणासाठी?’’ मी खरं सांगितलं. सांगायला नको होतं. ‘‘माशांच्या टाकीतल्या एका फुलासारख्या प्राण्याला लिंबू टोचायचंय,’’ हे वाक्य संध्याकाळी सात वाजता, मागे पाच माणसं रांगेत उभी असताना ऐकायला बरं वाटत नाही. सिरिंजा मिळाल्या, पण आता त्या दुकानात क्रोसिन मागायला गेलो तरी मालक स्वतः पुढे येतात.

लिंबानं जे सुईच्या टप्प्यात आले ते गेले. पण आपटे टप्प्यात येतात कुठे? सुईची सावली पडली की दार बंद. बंद दारातून टोचलेलं लिंबू खडकाला लागतं. दिवसभरात मी चार आपट्यांना गाठलं आणि उरलेल्या रसाचं सरबत केलं. त्याचीच चव जास्त लक्षात आहे.

चुन्याचा शोध मला फार उशिरा लागला, याची आजही खंत वाटते. टँकवाल्या लोकांत ‘कालकवासर’ नावाचा एक जर्मन शब्द फार आदरानं घेतात. खारट पाण्यात कॅल्शियम टिकवायला हे कालकवासर थेंब-थेंब सोडतात आणि त्याचीच घट्ट पेस्ट आपट्यांवर मारा म्हणतात. मी शब्दाला घाबरून दोन महिने थांबलो. मग एका रात्री अर्थ पाहिला. कालक म्हणजे चुना, वासर म्हणजे पाणी. चुन्याची निवळी! आठवीत नळीनं फुंकर मारून जिला आम्ही दुधाळ केलं, तीच. जर्मनीतून मागवायला निघालो होतो ते पानाच्या ठेल्यावर डबीत बसलं होतं. (ठेल्यावरचा मात्र घेऊ नका, त्यात सुगंध आणि काय काय मिसळलेलं असू शकतं. शुद्ध, काही न घातलेला कॅल्शियम हायड्रॉक्साइड हवा. डोळ्यांना आणि कातडीला वाईट, हातमोजे घालावेत.)

कृती अशी. पंप बंद करायचे. पाणी स्तब्ध झालं की सुई काढलेल्या सिरिंजनं, दह्याएवढी दाट पेस्ट, आपट्यांच्या तोंडाच्या अगदी वर अलगद सोडायची. घाई नको, सावली नको, ढकलाढकली नको. आपट्यांना वाटतं, जेवण आलं. ते झिपऱ्या आवळून घास आत घेतात आणि दार लावून खायला बसतात. चुना आत भाजत जातो. एका वेळी पाच-सहा जणांनाच वाढायचं. हात सैल सोडला तर पाण्याचा पीएच चढतो आणि आपट्यांच्या आधी यजमानांचे मासे आटोपतात. अर्ध्या तासानं पंप सुरू करायचे. आजोबांना हे माहीत असतं तर मास्तरांना त्यांनी नक्की जेवायला बोलावलं असतं.

आयुष्यभर मला लोकांनी चुना लावला. विमावाल्यानं लावला, सोफावाल्यानं लावला, सख्ख्या मेहुण्यानं तर दोनदा. मी पहिल्यांदाच कुणाला तरी लावत होतो आणि तोही अक्षरशः. त्या रात्री मला सुखाची झोप लागली.

दुसऱ्या दिवशी आई दारात उभी राहून फोनवर मावशीशी बोलत होती. घरात रेंज येत नाही म्हणून ती दार उघडं ठेवून जिन्यात बोलते. ‘‘अगं, काल शेवटी आपट्यांना चुना लावला! हो, यानंच. एकेकाला गाठून. तोंडावरच... नाही, सगळे नाही गेले अजून. म्हातारे गेले, पोरं आहेत. उरलेल्यांना रविवारी.’’

इथे एक गोष्ट सांगायची राहिली. आमच्या बिल्डिंगमध्ये खरे आपटे राहतात. दुसऱ्या मजल्यावर. अतिशय सज्जन कुटुंब. सोसायटीचा मेंटेनन्स एक तारखेला भरणारं. त्या वेळी त्या घरातले काका दुधाची पिशवी घेऊन जिना चढत होते. आई म्हणते, त्यांनी काही ऐकलं नसेल. पण पंचवीस वर्षं गुडघ्यांच्या व्यायामासाठी जिन्यानं जाणारे काका त्या दिवसापासून लिफ्टनं जातात, आणि रविवारी त्यांच्या घराला कुलूप होतं.

चुन्यानं संख्या निम्म्यावर आली. उरलेले अशा जागी होते जिथे सिरिंज पोचत नव्हती : खडकांच्या पोटात, पंपाच्या जाळीत, पाणी खाली नेणाऱ्या नळीत. पोटभाडेकरू आणि माळा, तेच. मग मला सांगण्यात आलं की भाडेकरूवर भाडेकरू सोडावा. पेपरमिंट कोळंबी नावाची लाल रेघांची एक नाजूक कोळंबी असते, ती आपटे खाते.

आमच्या घरात कोळंबी कधी आली नव्हती. आमचा धर्म गवारीपर्यंत. फ्रीजच्या वरच्या कप्प्यात माशांच्या खाद्याची गोठवलेली पाकिटं ठेवायला मला दोन वर्षं वाटाघाटी कराव्या लागल्या, आणि आजही ती तीन पिशव्यांत, खव्यापासून सर्वांत लांब, उत्तर-दक्षिण अंतरावर असतात. आता दोन कोळंब्या आल्या, त्याही जिवंत, आणि आल्या त्या जेवायला. बायकोची एक अलिबागची मैत्रीण त्या वेळी घरी होती. तिनं किंमत विचारली. मी सांगितली. ती बराच वेळ टँककडे बघत राहिली. ‘‘दोघींची?’’ तिनं विचारलं. ‘‘एकीची,’’ मी म्हणालो. ‘‘आमच्याकडे या,’’ ती अत्यंत कळवळ्यानं म्हणाली, ‘‘तेवढ्यात टोपलीभर देते. आणि खाऊनही दाखवते.’’

कोळंब्या रात्री बाहेर पडतात. त्यामुळे मीही. पहाटे दोन वाजता, लाल कागद लावलेली बॅटरी घेऊन, अंधारात काचेला नाक लावून मी बसायचो. पहिल्या आठवड्यात त्यांनी काय खाल्लं? माशांचं उरलेलं खाद्य. दुसऱ्या आठवड्यात? तेच. आपट्यांच्या शेजारून त्या अशा अदबीनं जायच्या की जणू एकाच बिल्डिंगमध्ये राहतात. काही कोळंब्या खातात, काही खात नाहीत, असं नंतर कळलं. शिवाय पेपरमिंटसारखीच दिसणारी, पाठीला कुबड असलेली उंट कोळंबी नावाची एक बहीण असते. ती आपट्यांना हात लावत नाही आणि तुमची झोअँथिडं मात्र सोलून खाते. माझ्या दोघींपैकी एकीला कुबड होतं. दसऱ्याचं तिसरं बटण तिनं खाल्लं.

हे चालू असताना माझ्या हाती एक माहिती आली आणि मला फार एकाकी वाटलं. ज्याला मी चुना चारत होतो, त्याला जगभरच्या प्रयोगशाळा सांभाळतात. पोवळ्यांच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहतं, उन्हावर अन्न करतं आणि पोवळ्यांना पोसतं. समुद्र तापला की हे शैवाल निघून जातं, पोवळी पांढरी पडतात, पुढे मरतात. हे नेमकं कसं होतं ते शोधायचं तर पोवळी प्रयोगशाळेत सांभाळणं महाकर्मकठीण : वाढतात हळू, मरतात चटकन. आपट्यांच्या अंगातही तसंच शैवाल असतं. आणि आपटे काही केल्या मरत नाहीत! तेव्हा शास्त्रज्ञांनी पोवळ्यांच्या जागी यांनाच घेतलं. २०१५ साली यांचा संपूर्ण जनुकीय आराखडा प्रसिद्ध झाला. प्रयोगशाळांत यांचा एक वाण तर असा आहे की तो एकाच जिवाच्या तुकड्यांपासून वाढवत नेलेला आहे. म्हणजे भाचे, भाच्यांचे भाचे, सगळे पगारी नोकरीला. माझ्या भाडेकरूच्या घराण्यात एवढी माणसं संशोधनात होती आणि मी त्याला लिंबू टोचत होतो. आईला सांगितलं तर ती म्हणाली, ‘‘मास्तरांचा भाचाही पुढे पीएचडी झाला.’’

बाहेरच्या देशांत बर्गिया नावाची एक झुपकेदार समुद्री गोगलगाय मिळते, तिची मला फार ओढ होती. ती फक्त आपटेच खाते, दुसरं काही नाही. त्यांचे विषारी भाले न फोडता गिळते आणि आपल्याच पाठीवर खोचून हिंडते. चोरावर मोर याहून मोठा मी पाहिला नाही. आपटे संपले की तीही उपाशी मरते. काम झाल्यावर स्वतःहून जागा सोडणारा भाडेकरू आजोबांनी पाहिला असता तर त्याला त्यांनी वाडा लिहून दिला असता. पण ती माझ्यापर्यंत काही पोचली नाही.

पोचला तो कॉपरबँड बटरफ्लायफिश. फेब्रुवारीत आला. पांढऱ्या चमकदार अंगावर केशरी-पिवळे पट्टे, मागच्या बाजूला शत्रूला फसवायला काढलेला खोटा डोळा आणि पुढे चिमट्यासारखं लांब तोंड. हे तोंड बघून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी चार महिने जिथे पोचू शकलो नव्हतो, त्या प्रत्येक भोकात ते जात होतं. पहिले चार दिवस तो लाजून खडकामागे उभा. पाचव्या दिवशी तो पुढे आला, मान तिरकी केली, एका भोकात डोकावला आणि आपट्यांना दाराआडून ओढून बाहेर काढलं. भाचा वगैरे काही उरला नाही. तीन आठवड्यांत खडक स्वच्छ. आम्ही शिरा केला.

शिरा संपायच्या आत कळलं की हा गृहस्थ दुसरं काही खात नाही. गोठवलेली कोळंबी? तोंड वळवलं. बारीक किडे? बघून थुंकला. लसूण लावून देतात म्हणे, भूक लागते. लसूण लावला, टँकला तीन दिवस फोडणीचा वास येत होता, मासा उपाशीच. पोट आत गेलं. आईला मासे आवडत नाहीत, पण पाहुणा उपाशी हे तिला सहन होत नाही. ती काचेसमोर स्टूल घेऊन बसली आणि म्हणाली, ‘‘याला आपटे लागतात ना? मग आपटे कुठे शिल्लक आहेत का बघ.’’

मी पाणी खाली नेणारी ती नळी काढली. आत, कोपऱ्यात, तीन होते. मला त्यांचा इतका आनंद झाला की मी बायकोला हाक मारली.

मुरांब्याची काचेची बरणी धुतली. त्यात टँकचं पाणी घातलं, तळाशी गोगलगाईंचे रिकामे शंख ठेवले आणि तिन्ही आपट्यांना स्वयंपाकघराच्या खिडकीत, पूर्वेच्या उन्हाला बसवलं. मग मी ड्रॉवर उघडून तीच सोलायची सुरी काढली आणि अत्यंत काळजीपूर्वक त्यांचे तुकडे केले.

आता आमच्याकडे आपट्यांची लागवड आहे. दर तीन दिवसांनी पाणी बदलायचं, चिमूटभर खाद्य द्यायचं, ऊन कमी पडलं तर बरणी सरकवायची. हे सगळं आई करते. रोज सकाळी दोन शंख निवडून टँकमध्ये सोडायचे. मासा आता स्टुलाचा आवाज ओळखतो. ‘‘थोरल्यांना नको देऊस, बियाण्याला ठेव,’’ असं ती मला सांगते. मध्यंतरी दोन दिवस ढग होते तर तिनं वर टेबललॅम्प लावला. पाडव्याला मित्राचा फोन आला. दसऱ्याबद्दल अजून त्याला ओशाळल्यासारखं होतं. ‘‘गेले का रे सगळे?’’ त्यानं हळूच विचारलं. मी म्हणालो, ‘‘तुझ्याकडे जादाचे असतील तर दे.’’

परवा आमच्याकडे चैत्रगौरीचं हळदीकुंकू झालं. आंब्याची डाळ, पन्हं, ओले हरभरे. बिल्डिंगमधल्या सगळ्या आल्या, दुसऱ्या मजल्यावरच्या काकूही आल्या. जरा जपून आल्या, दाराच्या जवळची खुर्ची घेतली. मग पन्ह्याचा पेला ठेवायला स्वयंपाकघरात गेल्या आणि खिडकीपाशी थांबल्या. बरणीत ऊन आलं होतं. वीस-पंचवीस सोनेरी झिपऱ्या मंद हलत होत्या.

‘‘किती गोड दिसतंय हो हे!’’ त्या म्हणाल्या. ‘‘काय म्हणतात याला?’’

मी दारात उभा होतो. बायकोनं डाळीच्या पातेल्याकडे बघायला सुरुवात केली. मुलानं तोंड उघडलं, मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. आईनं पदराला हात पुसले.

‘‘एक्झाइप्टेशिया डायफाना,’’ ती म्हणाली. ‘‘डाळ घ्या ना अजून.’’